जॉर्ज वॉशिंग्टनचा पत्रव्यवहार वाचायला घेताना : सरकारी आणि खासगी कागद एकत्र कसे लावायचे

जॉर्ज वॉशिंग्टन ३० एप्रिल १७८९ ते ४ मार्च १७९७ या काळात अमेरिकेचा पहिला अध्यक्ष होता. या आठ वर्षांतली त्याची उपलब्ध पत्रं आज जवळपास सगळी इंटरनेटवर फुकट वाचता येतात. विद्यापीठाचं ओळखपत्र लागत नाही, लॉगिनही नाही. त्यामुळे इतिहासाचे विद्यार्थी, अनुवादक, अमेरिकेत राहणारे आणि मुलांच्या शाळेच्या प्रकल्पापायी या विषयात शिरलेले पालक, असे बरेच जण या पत्रांपर्यंत पोचतात आणि तिथेच अडकतात. हजारो पत्रं, एकेका पत्राच्या दोन-तीन प्रती, संक्षेपांची भाऊगर्दी, आणि शोधात नाव टाकलं की समोर येणारी न संपणारी यादी.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. वॉशिंग्टनचं एकटं पत्र वाचून काहीही ठरवू नका. त्या दिवसाची सरकारी पत्रं, खासगी पत्रं, रोजनिशी आणि पत्राला आलेलं उत्तर शेजारी ठेवलं, की मगच ते पत्र काय सांगतंय हे कळतं. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

आधी जवळ काय हवं

- इंटरनेट आणि शक्यतो मोठा पडदा. हस्तलिखिताचं चित्र मोबाइलवर वाचणं म्हणजे डोळ्यांना नसता त्रास.
- 'फाउंडर्स ऑनलाइन' हे संकेतस्थळ. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेबरोबर ते २०१३ मध्ये सुरू केलं. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन अशांची १,८०,००० हून अधिक कागदपत्रं इथे टंकलिखित स्वरूपात, संपादकांच्या टिपांसह आहेत.
- लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'जॉर्ज वॉशिंग्टन पेपर्स' हा संग्रह. सुमारे ७७,००० कागद. इथे मूळ पानांची चित्रं मिळतात.
- नोंदींसाठी एक्सेलची एक शीट. रकाने असे ठेवा : तारीख, ठिकाण, कोणाकडून, कोणाला, प्रतीचा प्रकार, सरकारी की खासगी, कशाचं उत्तर, वेबपत्ता.
- वर्षवार एक छोटी कालपट्टी : १७८९–९० राजधानी न्यूयॉर्क, १७९० च्या अखेरीपासून फिलाडेल्फिया, आणि अधूनमधून माउंट व्हर्नन हे त्याचं व्हर्जिनियातलं घर. पत्र कुठून लिहिलंय यावर अर्ध्या गोष्टी अवलंबून असतात.

१. कागद कसे विखुरले ते आधी समजून घ्या

आज अध्यक्षाचे कागद सरकारच्या मालकीचे असतात, पण तो कायदा १९७८ चा. त्याआधी अध्यक्ष पायउतार झाला की कागद गाडीत घालून घरी नेत असे. वॉशिंग्टननेही तेच केलं. ३ एप्रिल १७९७ ला युद्धसचिव जेम्स मॅकहेन्रीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की आता एकच इमारत बांधायची आहे, ती आपल्या लष्करी, मुलकी आणि खासगी कागदांसाठी. तिन्ही कागद त्याला एकाच छपराखाली हवे होते. आपण मात्र सरकारी एकीकडे आणि घरगुती दुसरीकडे असे शोधत बसतो.

त्याच्या मृत्यूनंतर हा साठा पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टनकडे गेला. त्याने तो आधी जॉन मार्शलला चरित्रासाठी आणि मग जेरेड स्पार्क्सला संपादनासाठी दिला. स्पार्क्सने काही पानं हस्ताक्षरं जमवणाऱ्यांना वाटली. पहिल्या शपथविधीसाठी तयार केलेल्या आणि न वापरलेल्या भाषणाच्या मसुद्याचे तर त्याने तुकडे करून वाटले. ते आजही वेगवेगळ्या संग्रहांत सापडतात. १८३४ आणि १८४९ मध्ये सरकारने उरलेला साठा विकत घेतला आणि १९०४ मध्ये तो लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आला.

दोन मोठी भगदाडं कायम लक्षात ठेवा. पत्नी मार्था हिने नवऱ्याबरोबरची पत्रं जाळून टाकली. त्यातून सुटलेल्या पत्रांत जून १७७५ ची दोन आहेत, सेनापतिपद स्वीकारल्यानंतरची. त्यामुळे 'त्याने घरी काय लिहिलं' हे शोधायला पत्नीच्या पत्रांवर विसंबता येत नाही. शेतीच्या व्यवस्थापकांची आणि खासगी सचिवाची पत्रं बघावी लागतात. दुसरं भगदाड युद्धखात्याचं : ८ नोव्हेंबर १८०० च्या आगीत त्या खात्याचं दप्तर जळालं. आधीचा युद्धसचिव हेन्री नॉक्स याच्याशी झालेला सरकारी पत्रव्यवहार खात्याच्या बाजूने अपुरा दिसतो त्याचं हे कारण. अशा वेळी वॉशिंग्टनच्या घरच्या प्रतींवरच भिस्त ठेवावी लागते.

२. कुठली छापील आवृत्ती वापरायची ते ठरवा

जुनी पुस्तकं स्कॅन होऊन इंटरनेटवर सर्वत्र पसरली आहेत, आणि शोधात तीच वर येतात. क्रम असा लावा.

स्पार्क्सची १८३० च्या दशकातली १२ खंडांची आवृत्ती उद्धृत करण्यासाठी वापरूच नका. स्पार्क्सला वाटायचं की महापुरुषाची भाषा घरंदाज असली पाहिजे. वॉशिंग्टनने जनरल पटनमला त्याच्या रांगड्या टोपणनावाने 'ओल्ड पुट' म्हटलं, तिथे स्पार्क्सने 'जनरल पटनम' घातलं. एक रक्कम आपल्या गरजेपुढे पिसवाच्या चाव्याएवढी आहे असं वॉशिंग्टनने लिहिलं, तिथे 'आमच्या मागणीच्या मानाने अगदी अपुरी' असं गुळगुळीत वाक्य आलं. पत्र सरकारी वाटतं की मोकळं, हे अशाच शब्दांवर ठरतं. त्यामुळे हा बदल किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

फोर्डची १४ खंडांची आवृत्ती १८८९–९३ ची आणि फिट्झपॅट्रिकची ३९ खंडांची १९३१–४४ ची. फिट्झपॅट्रिकचं काम बरंच भरवशाचं आहे, पण त्यात वॉशिंग्टनने लिहिलेलीच पत्रं येतात. त्याला आलेली नाहीत. म्हणजे संवादाची एकच बाजू.

खरा आधार आहे तो व्हर्जिनिया विद्यापीठात १९६८ पासून चालू असलेल्या संपादन प्रकल्पाचा. त्यात गेलेली पत्रंही आहेत आणि आलेलीही. अध्यक्षपदाच्या काळाची मालिका २१ खंडांत पूर्ण झाली आहे, आणि फाउंडर्स ऑनलाइनवर हाच मजकूर आहे.

३. शोध घेताना

नुसतं 'वॉशिंग्टन' टाकून काही हाती लागत नाही. प्रगत शोधात जा आणि तीन गाळण्या लावा : लेखक, प्राप्तकर्ता आणि तारखेची मर्यादा. काळाची गाळणीही आहे. त्यात 'वॉशिंग्टन प्रेसिडेन्सी' निवडलं की युद्धकाळातली प्रचंड रास बाजूला पडते.

मग या गोष्टी सांभाळा.

मजकुरात मूळ शुद्धलेखन तसंच ठेवलेलं असतं. अठराव्या शतकात 'चूझ', 'शो' असे साधे शब्दही आजच्यापेक्षा वेगळ्या अक्षरांनी लिहिले जात. एकाच व्यवस्थापकाचं आडनाव एक 'टी' घालूनही येतं आणि दोन घालूनही. म्हणून शब्दाने शोधण्यापेक्षा माणूस आणि तारीख धरून शोधा. काही निसटत नाही. भारताशी संबंधित काही हवं असेल तर 'इंडिया' हा शब्द टाकू नका, कारण त्यात 'वेस्ट इंडिज'ची आणि 'इंडियन' टोळ्यांची पत्रंच समोर येतील. 'कलकत्ता' आणि 'ईस्ट इंडीज' या नावांनी बघा. नोव्हेंबर १७९२ मध्ये वॉशिंग्टनने बेंजामिन जॉय याला कलकत्त्याचा वाणिज्यदूत नेमलं. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला दूत म्हणून मान्यता दिली नाही, फक्त व्यापारी प्रतिनिधी म्हणून राहू दिलं. महादजी शिंदे हयात असतानाची ही गोष्ट आहे.

एकच पत्र दोनदा दिसलं तर गोंधळू नका. वॉशिंग्टनने हॅमिल्टनला लिहिलेलं पत्र वॉशिंग्टनच्या संग्रहातही असतं आणि हॅमिल्टनच्याही. दोन्ही उघडा. संपादक वेगळे, त्यामुळे टिपा वेगळ्या, आणि कधीकधी आधार घेतलेली प्रतही वेगळी. पत्रांची मोजदाद करत असाल तर मात्र ही जोडपी काढून टाका.

फाउंडर्स ऑनलाइनवरच्या वेबपत्त्यातला आकडा वाचायला शिका. वॉशिंग्टनच्या नावापुढे ०१ म्हणजे रोजनिशी, ०२ वसाहतकाळ, ०३ क्रांतियुद्ध, ०४ युद्धानंतरचा काळ, ०५ अध्यक्षपद, ०६ निवृत्ती. त्यापुढचा आकडा खंडाचा. ९९ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो मजकूर अजून पूर्ण तपासलेला नाही असं समजा आणि मूळ पानाशी ताडून बघा.

४. प्रत कोणती आहे ते आधी बघा, मजकूर नंतर

प्रत्येक पत्राखाली पहिल्या टिपेत दोन-तीन अक्षरांचे संक्षेप असतात. नवखा वाचक ते ओलांडून पुढे जातो. पेशवे दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना अस्सल आणि नकलेतला फरक सांगावा लागत नाही. तो फरक इथे या अक्षरांत आहे.

- एएलएस : संपूर्ण पत्र स्वहस्ताक्षरात, खाली सही. खरोखर रवाना झालेलं अस्सल.
- एलएस : मजकूर कारकुनाच्या हातचा, सही वॉशिंग्टनची.
- एडीएफ : स्वहस्ते लिहिलेला मसुदा.
- डीएफ : दुसऱ्याने केलेला मसुदा.
- एलबी : नक्कलवहीतली प्रत. पाठवलेलं पत्र कारकुनाने वहीत उतरवून ठेवलेलं.

पुढे संग्रहाचा संक्षेप येतो. डीएलसी म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेस, डीएनए म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागार. पत्र डीएनएमध्ये असेल तर ते सरकारी दप्तरात पोचलं होतं, हे त्यावरूनच कळतं.

नक्कलवहीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. याचं सगळ्यात मोठं उदाहरण अध्यक्षपदाच्या आधीचं आहे. १७५०च्या दशकात व्हर्जिनियाच्या सीमेवर फौजेचा कर्नल असताना लिहिलेल्या पत्रांच्या वह्या वॉशिंग्टनने तीसेक वर्षांनी, १७८० च्या दशकात, पुन्हा उघडल्या आणि स्वतःची भाषा दुरुस्त केली. व्याकरण सुधारलं, वाक्यं घडीव केली. आता वहीत दिसतो तो पन्नाशीतला वॉशिंग्टन. पत्र पाठवणारा पंचविशीच्या आतबाहेरचा होता. पाठवलेली प्रत ज्याला पत्र गेलं त्याच्या कागदांत सापडली, तरच मूळ शब्द हाती येतात.

मसुद्याचंही तसंच. खोडलेली वाक्यं संपादक टिपेत देतात. सरकारी पत्रात जे बोलायचं टाळलं ते बहुतेक वेळा त्या खोडलेल्या ओळीत असतं, म्हणून टीप उघडल्याशिवाय पत्र बंद करू नका.

५. सही वॉशिंग्टनची, शब्द कोणाचे?

अध्यक्षाची सरकारी पत्रं बरीचशी दुसऱ्यांनी बांधलेली असत. खात्याचा विषय असेल तर त्या त्या सचिवाने मसुदा करायचा, अध्यक्षाने फेरफार करून सही करायची. सुरुवातीच्या काळात मॅडिसनही मदतीला होता. १९ सप्टेंबर १७९६ ची तारीख असलेला प्रसिद्ध निरोपाचा संदेश हा १७९२ मधला मॅडिसनचा मसुदा, वॉशिंग्टनची भर आणि हॅमिल्टनची नव्याने केलेली मांडणी, अशा थरांतून तयार झाला. त्यातलं एक वाक्य उचलून 'वॉशिंग्टनचा विचार' म्हणण्याआधी ते कुठल्या थरात पहिल्यांदा आलं ते तपासा.

उत्तरादाखल लिहिलेल्या पत्रांत आणखी एक गंमत असते. लोकांनी मानपत्र पाठवायचं आणि अध्यक्षाने त्याला उत्तर द्यायचं, असा रिवाज होता. ऑगस्ट १७९० मध्ये न्यूपोर्टच्या ज्यू समाजाला दिलेलं उत्तर धर्मस्वातंत्र्याच्या संदर्भात नेहमी उद्धृत होतं. त्यातले सर्वांत गाजलेले शब्द, धर्मांधतेला थारा न देणारं सरकार या आशयाचे, मोझेस सेक्सास याने समाजाच्या वतीने लिहिलेल्या मानपत्रात आधीच आले आहेत. वॉशिंग्टनने ते उचलून आपले केले, आणि हे उचलणं हाच त्या पत्राचा खरा अर्थ आहे. मानपत्र न वाचता उत्तर वाचलं तर ते हातचं जातं.

उलटी बाजूही आहे. काही पत्रं अध्यक्षाचीच असतात, पण सही खासगी सचिव टोबायस लिअरची असते. 'अध्यक्षांनी मला कळवायला सांगितलं आहे' अशी त्यांची सुरुवात. लेखक म्हणून फक्त वॉशिंग्टन निवडलात तर ही सगळी पत्रं गळतात. म्हणून लिअरचं नावही लेखकाच्या गाळणीत टाका, आणि १७९३ नंतरच्या वर्षांसाठी सचिव बार्थोलोम्यू डँड्रिजचंही.

६. तारीख, पैसा आणि फसवे शब्द

तारखा : अध्यक्षकाळात अडचण नाही. पण लहानपणापासूनचे कागद वाचत असाल तर सप्टेंबर १७५२ पर्यंत ब्रिटिश वसाहतींत जुनी दिनदर्शिका चालत होती. फरक ११ दिवसांचा, आणि नवं वर्ष २५ मार्चला. म्हणून त्याचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्याने २२ फेब्रुवारी १७३२. 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिना, 'अल्टिमो' म्हणजे मागचा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या पत्रांत यावरून चुकीचं पत्र जोडलं जाण्याचा धोका फार.

पैसा : शेतीच्या पत्रांत पौंड, शिलिंग दिसले की ते इंग्लंडचे समजू नका. प्रत्येक राज्याचा हिशेब वेगळा होता. एका स्पॅनिश डॉलरला व्हर्जिनियात ६ शिलिंग, पेनसिल्व्हेनियात साडेसात, न्यूयॉर्कात ८. म्हणजे व्हर्जिनियाचा एक पौंड सुमारे ३.३३ डॉलर आणि न्यूयॉर्कचा अडीच. माउंट व्हर्ननची मजुरी आणि फिलाडेल्फियाच्या घरचा खर्च यांची तुलना करायची तर आधी डॉलरमध्ये आणा.

शब्द : 'सर्व्हंट' हा शब्द या पत्रांत कित्येकदा गुलाम माणसासाठी येतो. त्याचं 'नोकर' असं भाषांतर करून मोकळं होणं हे वाचकाला फसवणं आहे. नाव घेऊन ती व्यक्ती कोण होती हे टिपेत बघा. 'फॅमिली'मध्ये सचिव आणि घरात राहणारी माणसंही येतात. 'वाँट' म्हणजे बहुधा उणीव.

मायना आणि शेवट यांकडेही लक्ष द्या. सरकारी पत्राचा शेवट 'आपला आज्ञाधारक नम्र सेवक' या साच्याचा असतो. जवळच्या माणसाला लिहिताना त्या जागी स्नेहाचा शब्द येतो. एखाद्या मंत्र्याला लिहिलेल्या पत्रात साचा मोडून स्नेह आला असेल, किंवा वर 'खासगी' असं लिहिलं असेल, तर ते पत्र खात्याच्या फाइलसाठी नव्हतं.

७. मूळ पानं वाचणं

लायब्ररी ऑफ काँग्रेसचा संग्रह मालिकांत लावलेला आहे. नवख्याला लागतील त्या एवढ्याच : मालिका २ नक्कलवह्या, मालिका ४ सर्वसाधारण पत्रव्यवहार, मालिका ५ हिशेब, मालिका ७ सरकारी नोकरीसाठी आलेले अर्ज. मालिका ३ मधल्या ४४ वह्या रिचर्ड व्हॅरिकच्या देखरेखीखाली उतरवल्या गेल्या, मुख्यतः युद्धकाळाच्या. सुबक आहेत, पण नकलाच.

वॉशिंग्टनचं अक्षर गोल आणि स्वच्छ आहे, आठवड्याभरात सरावतं. त्रास देतो तो शब्दाच्या मध्ये येणारा लांब 'एस', जो 'एफ'सारखा दिसतो, आणि वर टांगलेल्या अक्षरांनी केलेले संक्षेप. काही प्रती दाबयंत्रावर काढलेल्या असतात : ओल्या पातळ कागदावर मूळ पत्र दाबून शाई उमटवायची आणि ती मागच्या बाजूने वाचायची. या प्रती फिक्या आणि पसरलेल्या दिसतात. चित्र उतरवून घेऊन त्यातला गडदपणा वाढवला की बरंच निभावतं. सुरुवात अशा पत्रापासून करा ज्याचा टंकलिखित मजकूर फाउंडर्स ऑनलाइनवर आहे. डावीकडे चित्र आणि उजवीकडे मजकूर ठेवून ओळ न् ओळ जुळवा.

८. सराव : दोन धागे

पहिला धागा १७९२ चा, मंत्रिमंडळातल्या भांडणाचा : एकीकडे परराष्ट्रसचिव जेफरसन, दुसरीकडे अर्थसचिव हॅमिल्टन. या क्रमाने उघडा.

अ) २३ मे १७९२, जेफरसनचं वॉशिंग्टनला पत्र. दुसऱ्यांदा अध्यक्ष व्हा असा आग्रह, आणि हॅमिल्टनच्या अर्थनीतीवर आक्षेपांची लांबलचक मालिका.

आ) २९ जुलै १७९२, माउंट व्हर्ननहून वॉशिंग्टनचं हॅमिल्टनला खासगी पत्र. त्यात २१ आक्षेप क्रमांक घालून दिले आहेत. ते जेफरसनच्या पत्रातूनच उचललेत, पण जेफरसनचं नाव कुठेही नाही. व्हर्जिनियातल्या लोकांचं म्हणणं असं आहे, अशा थाटात ते मांडलेत.

इ) १८ ऑगस्ट, हॅमिल्टनचं मुद्देसूद उत्तर.

ई) २३ ऑगस्टला जेफरसनला आणि २६ ऑगस्टला हॅमिल्टनला, दोघांनाही सबुरीने घ्या असं सांगणारी पत्रं. २६ तारखेच्या पत्रात आपल्या आधीच्या पत्राचा उल्लेख '२९ अल्टिमो' असा येतो, म्हणजे २९ जुलै. पायरी ६ मधला नियम इथे वापरून बघा.

उ) ९ सप्टेंबर. दोघांचीही उत्तरं एकाच तारखेची.

अ आणि आ शेजारी ठेवून आक्षेप एकेक जुळवा. शब्द जवळपास तेच, पण माणूस गायब. खासगी म्हणून लिहिलेलं पत्रही किती मापून लिहिलेलं असतं हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

दुसरा धागा एप्रिल १७९१ चा, आणि तो जास्त जड आहे. वॉशिंग्टन तेव्हा दक्षिणेच्या दौऱ्यावर होता.

अ) ४ एप्रिल, माउंट व्हर्नन. परराष्ट्र, अर्थ आणि युद्ध या तिन्ही खात्यांच्या सचिवांना सरकारी पत्र : माझा मार्ग असा आहे, मी नसताना निकडीचं काही निघालं तर आपसात मसलत करा.

आ) ५ एप्रिल, फिलाडेल्फियाहून लिअरचं पत्र. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे, बाहेरून येऊन राहिलेल्या मालकाच्या गुलामाला सलग सहा महिने राज्यात ठेवलं तर तो स्वातंत्र्य मागू शकतो. देशाचा अ‍ॅटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फ याचेच गुलाम या आधारावर निघून जाण्याच्या बेतात होते, आणि तो इशारा आता अध्यक्षाच्या घरापर्यंत पोचला होता.

इ) १२ एप्रिल, रिचमंड. आधी त्या दिवशीची रोजनिशी उघडा : गव्हर्नर आणि जेम्स नदी कंपनीच्या संचालकांबरोबर कालवा आणि त्याचे दरवाजे पाहिले. सगळं सार्वजनिक, सगळं नीटनेटकं.

ई) आता त्याच तारखेचं लिअरला लिहिलेलं पत्र उघडा. घरातल्या गुलामांना सहा महिने पुरे व्हायच्या आत काही निमित्त काढून व्हर्जिनियाला परत पाठवायची सूचना आहे, आणि ते निमित्त असं असावं की गुलामही फसावेत आणि लोकही, असं तो स्वतः लिहितो. ही गोष्ट लिअर आणि मार्था यांच्यापलीकडे जाऊ नये, असंही बजावतो.

दोन कागद, एक तारीख, एक शहर. नुसती रोजनिशी वाचणाऱ्याला कालव्याची पाहणी करणारा अध्यक्ष भेटतो. या चार कागदांवर घाई करू नका.

याच धाग्याचं पुढचं टोक १ सप्टेंबर १७९६ च्या पत्रात आहे. मे १७९६ मध्ये ओना जज ही मार्थाच्या सेवेतली गुलाम तरुणी फिलाडेल्फियाच्या घरातून निसटून न्यू हॅम्पशायरमध्ये पोर्ट्समथला गेली. तिला परत आणण्यासाठी वॉशिंग्टनने अर्थसचिव ऑलिव्हर वॉलकॉटला लिहिलं, आणि काम आलं तिथल्या जकात अधिकाऱ्याकडे, जोसेफ व्हिपलकडे. २८ नोव्हेंबर १७९६ चं व्हिपलला लिहिलेलं पत्रही वाचा. हे घरगुती मालमत्तेचं काम, पण वाट सरकारी खात्याची. तुमच्या शीटमधल्या 'सरकारी की खासगी' या रकान्यात इथे काय भरणार? दोन्ही लिहा आणि कारण शेजारी नोंदवा.

९. खोटी पत्रं ओळखा

१७७७ मध्ये लंडनमध्ये वॉशिंग्टनच्या नावावर काही पत्रं छापली गेली. त्याचा गुलाम सेवक पकडला गेला आणि त्याच्या सामानात ही सापडली, असा बनाव होता. या पत्रांतला वॉशिंग्टन स्वातंत्र्ययुद्धाबद्दल साशंक दिसतो. अध्यक्षपदाच्या शेवटी विरोधकांनी ती पुन्हा छापली. ३ मार्च १७९७ ला, पदावरच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, त्याने परराष्ट्रसचिव टिमोथी पिकरिंगला पत्र लिहून ती आपली नाहीत हे नोंदवलं आणि ते पत्र खात्याच्या दप्तरी ठेवायला सांगितलं.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या अवतरणांसाठी कसोटी सोपी आहे. तारीख आहे का? प्राप्तकर्त्याचं नाव आहे का? दोन्ही असतील तर फाउंडर्स ऑनलाइनवर दोन मिनिटांत तपासता येतं. नसतील तर ते अवतरण वापरू नका.

१०. संदर्भ देताना

प्रत्येक पत्राच्या तळाशी तयार संदर्भ दिलेला असतो. तो पूर्ण उतरवून घ्या, कारण त्यात मालिका, खंड आणि पानही येतं. मूळ पत्रांवर कुणाचा हक्क उरलेला नाही, पण संपादकांच्या टिपा त्यांच्या मेहनतीच्या आणि हक्काच्या आहेत. मराठीत अनुवाद छापायचा असेल तर पत्राचा अनुवाद करा. टीप जशीच्या तशी उचलू नका. अनुवादात खोडलेला मजकूर घेतला असेल तर तो मसुद्यातला आहे हे तिथल्या तिथे सांगा.

११. प्रत्यक्ष जायचं असेल तर

वॉशिंग्टन शहरात लायब्ररी ऑफ काँग्रेसचं हस्तलिखित वाचनालय जेम्स मॅडिसन इमारतीत आहे. वाचकपत्र फुकट मिळतं, वय किमान १६ हवं, आणि परदेशी नागरिकाने पासपोर्ट न्यावा. चित्रं उपलब्ध असलेले मूळ कागद सहसा हातात देत नाहीत. त्यामुळे जाण्याआधी नेमका कोणता कागद आणि का हवा हे ईमेलने कळवा. माउंट व्हर्ननचं संशोधन ग्रंथालय सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झालं; तिथे आधी वेळ ठरवून जावं लागतं. नुसतं घर बघायला जाणार असाल तरी व्यवस्थापक विल्यम पिअर्सला १७९३ ते १७९६ या काळात लिहिलेली पत्रं आधी वाचून जा. माउंट व्हर्ननची शेती पाच शेतांत वाटलेली होती. मॅन्शन हाउस, रिव्हर, मडी होल, डोग रन आणि युनियन ही पाचही नावं त्या पत्रांत पुन्हा पुन्हा येतात. नकाशावर त्यांच्या जागा आधीच खुणावून ठेवल्यात, तर कुठलं पत्र कुठल्या जमिनीबद्दल आहे हे तिथे उभं राहून पडताळता येईल.